चोर येतात आणि वर्ग झाडून जातात

तीर्थरूप मामांना,

एखादा माणूस शाळेचं दार फोडून आत शिरला, आणि काहीही न नेता वर्ग झाडून, ब्रश धुऊन, बाकं सरळ लावून निघून गेला, तर त्याला काय म्हणायचं? चोर म्हणावं तर चोरी नाही. पाहुणा म्हणावं तर दाराचा कोयंडा उपटलेला. मी आपल्या घरातली पहिली पदवीधर (हे तुम्ही त्या वेळी गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं होतंत, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनासुद्धा), पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते.

नमस्कार राहिलाच. पत्राच्या माथ्यावर साष्टांग घालायची पद्धत आहे, पण मी खुर्चीत बसून लिहिते आहे आणि जी अंगं जमिनीला टेकलेलीच नाहीत ती कागदावर टेकवणं मला पटत नाही. तेव्हा मान वाकवून नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे मामीकडून कळलं. थेंब वेळेवर घालता ना? मामी म्हणते, औषधाच्या बाटलीचं झाकण आट्यांवर नीट बसत नाही म्हणून तुम्ही बनवणाऱ्याचा उद्धार करता आणि त्या गडबडीत थेंब गालावर पडतो. झाकणावर राग येतो म्हणजे डोळा सुधारतोय असं मी धरते. आई बरी आहे. तिचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, ती स्वतः मात्र उतरताना कुरकुरते. बाबा बरे आहेत, आणि त्यांना कोणी विचारलं नाही तरी बरे आहेत असं सांगतात.

आता माझ्याबद्दल. तुम्ही मुलाकडे राहायला गेलात त्यानंतरच मला आपल्या शाळेत ही नोकरी लागली, त्यामुळे माझी खोली तुम्ही पाहिलेली नाही. जिन्याखालची. जिथे पूर्वी नकाशे आणि मोडका पृथ्वीगोल ठेवलेला असायचा तीच. दारावर 'प्रशासक' अशी पाटी आहे आणि आत बसल्यावर डोक्यावरून वर्गच्या वर्ग जिना उतरतात. पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसले आणि खडूचा तो ओलसर वास आला, तेव्हा मामा, मला काही काम सुचेना. नुसती शाळाभर फिरले. पाण्याच्या टाकीची तीच तोटी, पिळली की आधी खाकरणारी. प्रयोगशाळेतला तोच सांगाडा, ज्याचा एक हात कायम कोणाशी तरी हस्तांदोलन करायला पुढे आलेला. तिसरीच्या वर्गात माझं पहिलं बाक, अजून तसंच डगमगणारं (खाली घडी करून घातलेला कागद मीच घातला होता असा माझा संशय आहे). तुम्हाला माहीतच आहे, मी एक दिवसही उशिरा आले नाही. दर वर्षी वेळेवर येण्याचं बक्षीस मला मिळायचं आणि दर वर्षी ते कंपासपेटीच्या रूपानं मिळायचं. आपल्या घरात अजून इतक्या कंपासपेट्या आहेत की आई त्यात मोहरी आणि जिरं ठेवते.

तर अशा मुलीला शाळा चालवायला दिली तर ती काय करेल? शिस्त लावेल. मी हातात कागद घेऊन प्रत्येक दार, कडी, खिडकी तपासली. चित्रकलेच्या वर्गात मागच्या गल्लीकडे जी खिडकी आहे तिचा एक गज हाताला हलला. नुसता हलला नाही, वर उचलला तर खालून सुटून हातातच आला.  इतकी वर्षं शाळेला असं भोक होतं आणि कोणाला पत्ता नव्हता! मी त्याच दिवशी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. त्यानं सगळ्या गजांवरून आडवी पट्टी वेल्डिंग केली, त्या गजाच्या वरच्या भोकात सिमेंट भरलं, आणि वर "आता हत्ती आला तरी" असं म्हणून गेला. सभेत मी 'दारं-खिडक्या पक्क्या केल्या' एवढंच वाचलं, आणि शाळा समितीच्या अध्यक्षसाहेबांनी (लाकडाच्या वखारीचे मालक, त्यांना तुम्ही ओळखता) मला शाबासकी दिली. शिपाई जरा विचित्र नजरेनं बघत होता, पण शिस्तीकडे लोक सुरुवातीला तसंच बघतात असं मी पुस्तकात वाचलेलं होतं.

त्यानंतर पहिल्याच सोमवारी चित्रकलेच्या वर्गाच्या दाराची काच फुटलेली सापडली. काचेचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेले, वर खडूनं 'जपून' असं लिहिलेलं. पुढच्या सोमवारी मागच्या दाराचा कोयंडा लाकडासकट उपटलेला, कुलूप मात्र त्याला लटकून शाबूत, जणू आपलं काम आपण चोख केलं या समाधानात. मी मोठं कुलूप आणलं. मग कुंपणाच्या भिंतीच्या विटा निघाल्या, आणि निघालेल्या विटा अशा पायऱ्यांसारख्या रचलेल्या की चढायला गुडघ्यालासुद्धा त्रास होऊ नये. जितकं कुलूप मोठं तितकी मोडतोड मोठी. आणि दर वेळी वर्ग झाडलेला! जमिनीवर कुठे रंगीत दोऱ्याचा तुकडा, खिडकीत वाळत घातलेले ब्रश, बाकी जिथलं तिथे. मी पोलिसांत गेले. तिथल्या हवालदारांनी विचारलं, "काय गेलं?" मी म्हटलं, काही नाही. "कोणाला मारलं?" नाही. "मग केलं काय त्यांनी?" मी खरं ते सांगितलं, की वर्ग झाडला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "बाई, सापडले तर आधी आमच्याकडे पाठवा."

एका सकाळी तर माझ्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर कोळशानं हे एवढं मोठं लिहिलेलं होतं: खिडकी उघडा. मामा, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मला राग यायच्या ऐवजी भरूनच आलं. मला वाटलं, मोडतोड करणाऱ्याच्याही मनात कुठेतरी विचार आहे. मी ते पुसू दिलं नाही. प्रार्थनेनंतर मुलांसमोर त्यावर बोलले, मनाची खिडकी, ज्ञानाचा वारा, जुन्या समजुतींचे गज, बरंच लांबलं. मुलं फार मन लावून ऐकत होती. मागची रांग तर इतकी हलत होती की मला वाटलं, भारावली आहेत. (हसू दाबत होती. हे मला नंतर कळलं. शाळेत त्या दिवशी त्या वाक्याचा अर्थ न कळलेली एकटी मीच होते.)

इथवर गंमत होती. पण भिंतीच्या विटा निघाल्यावर अध्यक्षसाहेब स्वतः बघायला आले, विटांच्या पायऱ्यांवरून दोनदा चढले-उतरले, आणि मला म्हणाले, "पुढच्या सभेत मला चोर दाखवा, नाहीतर पहारेकरी बदला. झोपा काढायला माणूस ठेवलाय का आपण?" पहारेकरीकाका म्हणजे तेच, आपल्या वेळचे, जे घंटाही वाजवायचे. आता घंटा विजेची आहे, ते नुसता पहारा करतात. झोपतात हे खरं आहे. मी स्वतः पाहिलंय, खुर्चीत ताठ बसून, काठी उभी धरून, डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतात, आणि घोरणं ऐकू आलं तर "कोण आहे?" असं घोरण्यालाच दरडावतात. पण नोकरी गेली म्हणजे टाकीमागची खोलीही गेली. त्या खोलीत ते आणि काकू किती वर्षं राहतात कोण जाणे, काकूंनी दारात लावलेली जाई आता शाळेच्या गच्चीपर्यंत पोचली आहे. त्या वयात दोघांनी जायचं कुठे? आणि त्यांना काढायच्या कागदावर सही कोणाची, तर माझी. मामा, मी शिकले ती अशा सह्या करायला नव्हे, असं मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. आरशासमोर बरं वाटलं. खोलीत येऊन बसले की पुन्हा तो कागद समोर.

मी काकांना नीट विचारलं, की खरं सांगा, तुम्हाला कोणीच दिसलं नाही? ते शपथेवर म्हणाले, "चोर? एक नाही." मग म्हटलं, आता मीच पहारा करते. मोडतोड रविवारी होते एवढं तरी माझ्या लक्षात आलं होतं. रविवारी दुपारी जेवून मी किल्लीनं दार उघडून चित्रकलेच्या वर्गात गेले आणि मोठ्या कपाटामागे, उभ्या फळ्यांच्या ढिगाशेजारी, स्टुलावर बसले. हातात फूटपट्टी होती. (हसू नका. छत्री आणायला विसरले होते.) बसल्या बसल्या जुनं सगळं आठवायला लागलं. याच वर्गात मी फुलदाणी काढली होती आणि बाईंनी "छान आहे हो बादली" म्हटलं होतं. कौलांतून तसाच उन्हाचा पट्टा येत होता, त्यात तशीच धूळ तरंगत होती, आणि मला वाटलं आता तास संपेल, आता घंटा होईल.

घंटा झाली नाही. दार करकरलं. आणि आत कोण आलं असेल? पहिल्यांदा शिंपीकाका, खांद्यावर कापडाचा तागा. त्यांच्यामागून आपल्या चित्रकलेच्या बाई, निवृत्त झालेल्या, हातात रंगांची पेटी. आणि शेवटी बँडमधला क्लॅरिनेटवाला, जो कायम सर्दी झाल्यासारखा बोलतो. शिंपीकाकांनी चार बाकं जोडली, तागा पसरला आणि कापायला सुरुवात केली. बाई खिडकीशी बसल्या. क्लॅरिनेटवाला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून सूर लावायला लागला. कोणी कोणाला काही विचारलं नाही. घरातली माणसं दुपारी आपापल्या कोपऱ्यात बसावीत, तितक्या सवयीनं.

मग बोलणं सुरू झालं, आणि ते माझ्यावरच.

"या नव्या बाईनं नाकी नऊ आणलेत हो," शिंपीकाका म्हणाले. "गज उचलावा, आत यावं, गज लावावा, संपलं. आता या वयात मी कोयंडे उपटतोय."

"तुम्ही काच फोडलीत ते मला अजून आवडलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"माझा कोपर लागला. आणि झाडली ना मी?"

"कोणीतरी तिला सांगायला पाहिजे," क्लॅरिनेटवाला म्हणाला. "मी लिहिलं भिंतीवर. स्पष्ट लिहिलं. तर तिनं त्यावर भाषण केलं!"

मामा, यावर मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. मला शिंक आली. मी फूटपट्टी घेऊन बाहेर आले. मला वाटलं होतं, पळापळ होईल. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तू? ये, बस. तुला कुठून जमलं आत यायला?" मी म्हटलं, दारातून. किल्लीनं. यावर तिघं इतकं हसले की क्लॅरिनेटवाल्याला ठसका लागला आणि मीच त्याला पाणी दिलं. मग मी ताठ उभी राहून सांगितलं की ती नवी बाई म्हणजे मीच, आणि तुम्ही शाळा फोडली आहे. शिंपीकाकांनी कात्री खाली ठेवली. "पोरी," ते म्हणाले, "शाळा आम्ही कशाला फोडू? आम्ही आपले येतो. दुकानात माझं टेबल हे एवढंस, मुलांचे गणवेश कापायला लांब जागा लागते. बाईंच्या घरात नातवंडं रंग खातात. ह्याला घरात वाजवू देत नाहीत आणि बाहेर कुत्री ओरडतात. पूर्वीपासून असंच आहे. मोडतोड तू पट्टी मारल्यापासून." मी म्हटलं, पण मला कोणी सांगितलं का नाही? तेव्हा बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी त्या माझ्या फुलदाणीकडे पाहायच्या. "अगं, नवी बाई याच शाळेत शिकलेली आहे एवढं कानावर होतं. आम्हाला वाटलं, माहीत असूनच बंद केलंस."

मी घरी आले ती थेट स्वयंपाकघरात. आईला म्हटलं, चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकीचा गज निघायचा, तुला माहीत होतं? आईनं भांडं घासता घासता वर पाहिलं. "तुला माहीत नव्हतं?" मग बाबांना हाक. "अहो, ऐकलंत का, हिला गजाचं माहीत नाही!" बाबा, जे त्या शाळेची पायरीही चढलेले नाहीत, ते म्हणाले, "कुठल्या, चित्रकलेच्या वर्गातल्या?" म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. उशिरा येणाऱ्या मुलांची ती वाट, दप्तर विसरलेल्यांची, सुट्टीत खेळायला आलेल्यांची. एकच नियम होता, गज परत जागेवर लावायचा. पिढ्यान्‌पिढ्या तो कोणी मोडला नाही. आणि तो गज मुळात सैल कोणी बसवला, तर आईनं सांगितलं, तुम्ही!

खरं का मामा? आई म्हणते, नवीन वर्ग बांधले तेव्हा तुम्ही खिडक्या बसवायला मिस्त्रींच्या हाताखाली होतात, आणि आई सहावीत होती. घरचं पाणी भरून, धाकट्यांना खाऊ घालून निघायची, तोवर फाटक बंद. हेडमास्तर फाटकाशी घड्याळ घेऊन उभे. उशीर झाला की दिवसच्या दिवस गल्लीत बसून घरी. तर तुम्ही एका गजाचं वरचं भोक खोल पाडलंत आणि खालचं उथळ, आणि तिला दाखवलंत, की असा वर उचल, खालून सुटतो. बाबांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, तुम्ही तेव्हा शिकाऊ होतात, भोक चुकून खोल गेलं आणि मग ते बहिणीच्या नावावर खपवलंत. (तुमच्या दोघांच्या भांडणात मी पडत नाही.) सातवीनंतर आईची शाळा सुटलीच. पण तिनं हात पुसून मला दंडावर, कोपराच्या जरा वर, एक पुसट ओरखडा दाखवला. त्या चौकटीचा खिळा. "बाही फाटायची," ती म्हणाली, "रोज शिवायचे. तरी बरं वाटायचं बघ आत उडी मारली की." आणि ती हसली, सहावीतल्या मुलीसारखी. हा ओरखडा मी इतकी वर्षं पाहत आले आणि कधी विचारलं नाही, कशाचा म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी पहारेकरीकाकांवर चिडले. म्हटलं, तुम्हाला सगळं दिसत होतं, तुमची नोकरी जायची वेळ आली, आणि तुम्ही गप्प? ते म्हणाले, "तुम्ही म्हणालात चोर दिसला तर सांगा. चोर आला नाही. शिंपी आला होता." मी डोक्याला हात लावला. तेव्हा आतून काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, यांच्यावर रागावू नकोस, आणि खिडकीचं तुला माहीत नसलं तर तोही दोष यांचाच. मी विचारलं, तो कसा? तर काका बूट झाडायला बाहेर निघून गेले, आणि काकूंनी सांगितलं.

मामा, मी एक दिवसही उशिरा आले नाही, ते बक्षीस, त्या कंपासपेट्या. माझ्या आईची फाटकी बाही काकांनी पाहिली होती, तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागलेले. मी शाळेत जायला लागले तेव्हा त्यांनी ठरवलं, की हिची पोरगी खिडकीतून येणार नाही. मग ते घंटेचा हातोडा हातात धरून फाटकाशी उभे राहायचे आणि गल्लीच्या वळणावर माझं दप्तर दिसलं की मगच घंटा द्यायचे. मी वळणावर पायातली चप्पल सरळ करत बसले तरी. हेडमास्तरांचं घड्याळ रोज पुढे जातं म्हणून ते दुरुस्तीला जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. सगळी शाळा माझ्या दप्तरावर भरत होती आणि मी दर वर्षी व्यासपीठावर जाऊन वक्तशीरपणावर दोन शब्द बोलत होते!

मी चहा प्यायले. तो कसा होता, आठवत नाही.

सभेचा दिवस आला. समितीपैकी अध्यक्षसाहेब, डॉक्टर आणि वकीलबाई असे तिघंच माझ्या खोलीत जमले होते. मी अहवाल वाचला. रात्रभर विचार करून तो मी एका परिच्छेदात आणला होता: की शाळेत चोरी झालेली नाही; मोडतोड झाली ती एक जुनी वाट बंद केल्यामुळे; ती वाट सध्याच्या प्रशासकानं कोणालाही न विचारता बंद केली; त्यामुळे कोणाला काढायचंच असेल तर पहारेकऱ्याला नको, प्रशासकाला काढावं, आणि त्या कागदावर सही करायला मी तयार आहे. येणाऱ्यांची नावं मी देणार नाही, असंही वाचलं.  घरातली पहिली पदवीधर घरातली पहिली बडतर्फही होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि तुम्ही आता गल्लीभर काय सांगाल याचाही विचार मनात येऊन गेला.

 वर जिन्यावरून एक वर्ग उतरून गेला. मग अध्यक्षसाहेबांनी घसा साफ केला.

"चित्रकलेच्या वर्गातला," ते म्हणाले. "मधला गज?"

"मधला नव्हे," वकीलबाई म्हणाल्या. "त्याच्या उजवीकडचा. मधला नुसता हलायचा."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुमच्या मागून मीच होते. तुम्ही कमरेत अडकला होतात. ढकललं कोणी तुम्हाला?"

अध्यक्षसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. "ती तू होतीस?" ते म्हणाले, आणि मामा, 'तुम्ही'चं 'तू' झालेलं त्यांच्या लक्षातही आलं नाही. "मी आजवर समजत होतो की मी माझ्या जोरावर सुटलो!"

मग काय विचारता. डॉक्टरांनी कोट काढून खांद्यावरचा त्या खिळ्याचा ओरखडा दाखवला. आत उडी मारल्यावर पाय नेमका रंगाच्या बादलीत कसा जायचा, चित्रकलेच्या बाई पाठ फिरवून उभ्या राहून "मला कोणी आलेलं ऐकू आलेलं नाही" असं कसं म्हणायच्या, हे सगळं तिघं एकदम बोलत होते. तिघं उठून चित्रकलेच्या वर्गात गेले, मी मागोमाग. वेल्डिंगच्या पट्टीवर अध्यक्षसाहेबांनी हात फिरवला, एखाद्याच्या आजारपणाला गेल्यावर पांघरुणावरून फिरवतात तसा. "फार घट्ट केलंस गं," एवढंच म्हणाले. ठराव वकीलबाईंनी सांगितला: 'खिडकीची पूर्वस्थिती राखण्यात यावी.' मी विचारलं, आणि पहारेकरी? त्या म्हणाल्या, "तोही पूर्वस्थितीतच येतो. लिहा."

मी लिहिलं. इतकं सुंदर अक्षर माझं कधी आलं नव्हतं. काकांना बातमी सांगायला गेले, तर ते खुर्चीत ताठ, काठी उभी, डोळे अर्धे उघडे. मी उठवलं नाही. काकूंना सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि जाईला पाणी घालायला गेल्या, जिला सकाळीच घातलं होतं.

असो. पत्र फार लांबलं. डोळ्याला ताण देऊ नका, हे मामीकडून वाचून घ्या, कंसातलं मात्र तिला गाळू देऊ नका. दादाला आणि वहिनीला आठवण सांगा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि त्या बाटलीच्या झाकणाला माझ्याकडून माफी.

तुमची भाची,
जी वेळेवर येत असे असा समज होता

ता.क. महत्त्वाचं लिहायचं राहिलं. पूर्वस्थिती करायची म्हणजे गज पुन्हा सैल बसवायला हवा, आणि ते काम इथे कोणाला येत नाही. बघणाऱ्याला पक्का वाटला पाहिजे, वाऱ्यानं खडखडता कामा नये, आणि मुलानं उचलला की सुटला पाहिजे. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, "ताई, आजवर लोकांनी मला घट्ट करायलाच बोलावलंय." तेव्हा तुम्हीच या. आठवडाभर राहा. आई तुमची खोली झाडते आहे.

ता.क. दुसरा. वरच्या ता.क.मध्ये मी खोटं लिहिलं आणि मला झोप लागली नाही. फॅब्रिकेशनवाल्याला ते काम येतं. त्यानं कागदावर चित्र काढूनही दाखवलं आणि अर्ध्या तासात करून देतो म्हणाला. मीच नको म्हटलं. मामीनं मला फोनवर सांगितलं, की डोळा बरा होऊनही तुम्ही दिवसभर पलंगावर बसून असता, 'आता या हातांचं काय काम' म्हणता, आणि हत्यारांची पेटी भंगारवाल्याला द्यायला काढली होती. ती पेटी मामीनं परत आत घेतली आहे. तुमची पिशवीही तिनं भरली आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण इथे येऊन.

ता.क. तिसरा. तुम्ही दोन्ही वाचून 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणाल हे मला माहीत आहे. म्हणून आज शिंपीकाकांकडून लोखंड कापायची करवत मागून आणली आणि पट्टी आणि गज दोन्ही मी स्वतः कापले. बाई "वाकडी चाललीयस" म्हणत होत्या, क्लॅरिनेटवाल्यानं गज धरला होता. माझ्या तळहातांना फोड आले आहेत. खिडकीत आता माणूस जाईल एवढं भोक आहे, आणि त्याच्याखाली खुर्ची टाकून पहारेकरीकाका बसले आहेत. मी त्यांना सांगितलं आहे की तुम्ही येऊन गज बसवेपर्यंत डोळा मिटायचा नाही. या खेपेला ते खरोखरच जागे आहेत, मामा. मी आत्ताच जाऊन पाहून आले.